उकिरड्याचे पांग फेडणारे हॉवर्डसाहेब



भित्तिपत्रकाच्या या अंकात थोरांची ओळख मी लिहायची, असे गुरुजींनी ठरवून दिले. संत आणि पुढारी यांच्यावर मागच्या अंकांत बरेच लिहून झाले आहे. म्हणून मी एका शेतीशास्त्रज्ञाची माहिती लिहीत आहे. ते जन्माने इंग्रज, पण त्यांचे मोठे काम आपल्या देशात झाले, आणि तेही कशावर, तर उकिरड्यावर! सर अल्बर्ट हॉवर्ड हे त्यांचे नाव. आज जिकडेतिकडे सेंद्रिय शेती, सेंद्रिय भाजी असे ऐकू येते. आपल्या रावेतला सोसायट्यांच्या खाली दुकानांत सेंद्रिय गूळ, सेंद्रिय तांदूळ मिळतो, आणि भावही चांगलाच लावतात. ही शेती ज्यांनी जगाला पटवून दिली, त्यांत हॉवर्डसाहेबांचे नाव फार वर घ्यावे लागते.

त्यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यात बिशप्स कासल येथे झाला. घर शेतकऱ्याचे. पुढे ते केंब्रिजला शास्त्र शिकले आणि १८९९ साली वेस्ट इंडीजमध्ये बार्बाडोस बेटावर नोकरीला गेले. तिथे उसाचे रोग तपासायचे काम होते. सूक्ष्मदर्शक होता, बाटल्या होत्या, पण स्वतःचे शेत नव्हते. रोग काचेतून बघायचा आणि उपाय शेतकऱ्याला सांगायचा, पण तो उपाय स्वतः करून बघायला ढेकूळभर जमीन नाही. ही गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली. ज्याने सल्ला द्यायचा त्याने आधी ते पीक स्वतः काढून दाखवले पाहिजे, असे त्यांना वाटू लागले.

१९०५ साली ते भारतात आले. बिहारमध्ये पुसा नावाच्या गावी सरकारने शेती संशोधनाची मोठी संस्था काढली होती. तिथे त्यांची वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून नेमणूक झाली. त्याच साली गॅब्रिएल यांच्याशी त्यांचे लग्न झाले. या बाई स्वतः केंब्रिजला संशोधन केलेल्या शास्त्रज्ञ होत्या. दोघे बरोबरीने काम करत. १९१३ साली गॅब्रिएलबाईंनाही सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञाची जागा मिळाली. त्या काळात बायकांना अशी जागा मिळणे सोपे नव्हते, बरं का. दोघांनी मिळून गव्हाच्या नव्या जाती तयार केल्या. पुसा ४ आणि पुसा १२ या त्यातल्या गाजलेल्या.

पुशाला हॉवर्डसाहेबांच्या मनासारखे झाले. त्यांना करून बघायला सुमारे ७५ एकर जमीन मिळाली. आता खरी गोष्ट इथून सुरू होते. साहेब आले होते इथल्या लोकांना शेती शिकवायला. पण आसपासच्या गावांत हिंडल्यावर त्यांना दिसले, की हे शेतकरी कसलेही औषध फवारत नाहीत, तरी त्यांची पिके चांगली निरोगी आहेत. मग त्यांनी उलटेच केले. शेतकऱ्यांनाच गुरू केले. आणखी एक गुरू केला, तो म्हणजे कीड! कीड पडली की तिला मारायच्या आधी ते विचार करत, की याच पिकावर ती का आली? जमीन चिबड झाली का? बी इथल्या मातीला मानवत नाही का? मुळांना हवा मिळते का? बहुतेक वेळा दोष जमिनीत सापडे. कीड नुसता निरोप घेऊन आलेली असे.

आपल्या महात्मा फुल्यांनी १८८३ साली शेतकऱ्याचा असूड लिहिला, त्यात डोंगरावरचा पालापाचोळा आणि जनावरांचे शेणमूत पावसाबरोबर शेतात येऊन जमिनीला आपोआप खत कसे मिळते, हे सांगितले आहे. माती वाहून जाऊ नये म्हणून ताली-बंधारे घालावेत, असेही आहे. म्हणजे हॉवर्डसाहेब भारतात येण्याच्या बावीस वर्षे आधी इथल्या माणसाने ते लिहून ठेवले होते. माझ्या मते ही गोष्ट हॉवर्डसाहेबांच्या चरित्रातही यायला हवी.

पुशातली बैलांची हकिकत मला सगळ्यात आवडली. साहेबांनी कामाच्या बैलजोड्या स्वतः सांभाळल्या. गोठा नीट, चारा स्वतःच्या शेतातला ताजा. शेजारच्या शेतात लाळ्या-खुरकूत आली. मध्ये फक्त बुटके कुंपण. आजारी गुरे आणि साहेबांचे बैल कुंपणावरून एकमेकांच्या तोंडाला तोंड लावत. तरी साहेबांच्या बैलांना रोग झाला नाही, असे त्यांनी लिहिले आहे. चांगल्या जमिनीतला चारा खाल्लेले जनावर रोगाला दाद देत नाही, असे त्यांचे मत झाले. मात्र दहा-बारा बैलांवरून सगळे सिद्ध होत नाही. आपले गुरांचे डॉक्टर लाळ्या-खुरकुतीची लस टोचून घ्या म्हणतात, ती टोचून घ्यावीच.

पुसाच्या संस्थेत कामाच्या चिरफळ्या झाल्या होत्या. कीड बघणारा वेगळा, माती बघणारा वेगळा, बियाणे बघणारा वेगळा. झाड तर एकच! साहेबांना हे पटेना. शेवटी १९२४ साली ते इंदूरला गेले. इंदूर म्हणजे होळकरांचे संस्थान. कापसाच्या संशोधनासाठी नवी संस्था निघाली आणि तिला ३०० एकर जमीन ९९ वर्षांच्या कराराने मिळाली. इथे त्यांना रसायनशास्त्र जाणणारे यशवंत वाड हे सहकारी लाभले. गॅब्रिएलबाई होत्याच.

इंदूरला साहेबांनी उकिरडा हाती घेतला.

आता उकिरड्यात बघण्यासारखे काय, असे कुणी म्हणेल. आमच्या आजोबांना विचारले, तर ते म्हणाले की पूर्वी आपल्याकडे घरटी उकिरडा असायचा. गोठ्यातली झाडलोट तिथे टाकायची, वर्षाने गाडीत भरून शेतात न्यायची. पण उन्हाळ्यात वरचे शेण वाळून कोळ होई आणि पावसाळ्यात काळे पाणी वाहून पवनेला जाई. सत्त्व निघून जाई, राही चोथा. निम्मे शेण तर गोवऱ्या थापून चुलीत जाई. शिवाय जनावराचे मूत गोठ्यातच मुरे, ते कुणी धरत नसे. नेमके हेच हॉवर्डसाहेबांनी हेरले. चीनमधले शेतकरी हजारो वर्षे काहीही वाया न घालवता जमीन कशी कसदार ठेवतात, ते त्यांनी एका अमेरिकन शास्त्रज्ञाच्या पुस्तकात वाचले होते. ती रीत आणि आपल्या गावचा उकिरडा यांना त्यांनी शास्त्राची जोड दिली. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात, ते असे फिटले.

त्यांची पद्धत अशी होती. ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि दोन-तीन फूट खोल असा खड्डा. फार खोल नाही, कारण तळाला हवा पोचली पाहिजे. शेतातला काडीकचरा, तण, पाने, उसाचे पाचट आधी गुरांच्या पायाखाली अंथरायचे. रात्रभरात ते तुडवले जाते आणि मूत शोषून घेते. पऱ्हाट्या आणि तुराट्या कडक, त्या लवकर कुजत नाहीत. त्या साहेब रस्त्यावर पसरून ठेवत! बैलगाड्या वरून गेल्या की आपोआप चुरा. फुकटची गिरणीच म्हणा ना. मग खड्ड्यात थर द्यायचे. काडीकचरा, त्यावर शेणकाला, गोठ्यातली मूत मुरलेली माती आणि लाकडाची राख. पाणी शिंपडून ओलसर ठेवायचे, चिखल करायचा नाही. चार-आठ दिवसांत आत इतकी ऊब येते, की हात घालवत नाही. ६५ अंश सेल्सिअसपर्यंत उष्णता चढते. त्यात तणाचे बी आणि माश्यांच्या अळ्या मरतात. हे काम डोळ्यांना न दिसणारी बुरशी आणि जिवाणू करतात. त्यांना हवा लागते, म्हणून ढीग तीन वेळा वरखाली करायचा. तीन महिन्यांत काळेभोर, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येणारे खत तयार. इंदूरला ४० बैलांच्या शेणामुतावर वर्षाला जवळजवळ हजार गाड्या खत निघे.

१९३१ साली हॉवर्ड आणि वाड या दोघांनी ही सगळी कृती पुस्तकात छापली. म्हणून तिला इंदूर पद्धत म्हणतात आणि शेतीच्या पुस्तकांत आजही ती शिकवतात. वाडांचे नाव मात्र मागे पडले. खरे तर त्या पुस्तकावर दोघांचीही नावे आहेत, म्हणून मी मुद्दाम लिहिले.

पण पुस्तक निघाले तेव्हा गॅब्रिएलबाई नव्हत्या. १९३० साली त्या जिनिव्हाला वारल्या. पंचवीस वर्षांची सोबत तुटली. पुढच्याच वर्षी साहेबांनी इंदूर सोडले आणि ते इंग्लंडला परतले. नंतर गॅब्रिएलबाईंच्या बहिणीशी, लुईझ यांच्याशी त्यांचे लग्न झाले. या लुईझबाईंनी साहेबांच्या मागे त्यांच्या भारतातल्या कामावर पुस्तक लिहिले.

निवृत्त झाल्यावरही साहेब स्वस्थ बसले नाहीत. चहाचे मळे, कॉफीचे मळे, जिथे बोलावतील तिथे इंदूर पद्धत सांगत फिरले. महात्मा गांधींनी १९३५ साली आपल्या हरिजन पत्रातून खेड्यापाड्यांतल्या लोकांना ही पद्धत समजावून दिली. १९३४ साली साहेबांना सर ही पदवी मिळाली. १९४० साली त्यांचे मोठे पुस्तक निघाले, ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट, म्हणजे शेतीचे मृत्युपत्रच जणू. ते वाचून अमेरिकेत रोडेल नावाच्या गृहस्थांनी १९४२ साली सेंद्रिय शेतीचे मासिक काढले. इंग्लंडमध्ये ईव्ह बाल्फोर या बाईंनी पुस्तक लिहिले आणि १९४६ साली मातीसाठी एक संस्था उभी राहिली.

याच सुमारास दुसरीकडेही विचार चालू होता. १९२४ साली, म्हणजे साहेब इंदूरला आले त्याच वर्षी, रुडॉल्फ स्टायनर यांनी तेव्हाच्या जर्मनीत कोबेरविट्झ गावी शेतकऱ्यांपुढे व्याख्याने दिली. त्यातून बायोडायनॅमिक शेती निघाली. गाईच्या शिंगात शेण भरून जमिनीत पुरायचे, चंद्र-ग्रह बघून पेरायचे, असे त्यात असते. हॉवर्डसाहेबांना ते पटले नव्हते. सगळे सेंद्रियवाले एका माळेचे मणी नव्हते, एवढे यावरून कळते.

साहेबांवर टीकाही खूप झाली. रासायनिक खतांवर ते फार कडक बोलत, आणि पिकांचे-माणसांचे बहुतेक रोग खराब जमिनीतून येतात इथवर जात. सगळ्या शास्त्रज्ञांना ते मान्य झाले नाही. आमचे आजोबाही म्हणतात, की युरियाची गोणी आली तेव्हा भाताचे पोते वाढले, हे कसे विसरायचे? पण नुसत्या युरियावर जमीन दगड होते, नांगर चालत नाही, हेही तेच सांगतात. म्हणून ते दोन्ही वापरतात. शेत तरी किती, सात गुंठे उरले आहे, तिन्ही बाजूंनी इमारती. बैल विकून किती वर्षे झाली, आता शेण विकत आणावे लागते.

भारत स्वतंत्र झाला त्याच वर्षी, २० ऑक्टोबर १९४७ रोजी, हॉवर्डसाहेब इंग्लंडमध्ये वारले. इंदूरच्या त्यांच्या संस्थेच्या जागेवर पुढे शेतकी महाविद्यालय झाले.

आता पालकांसाठी थोडे. शाळेच्या मागच्या आवारात आपण दसऱ्यानंतर इंदूर पद्धतीचा लहान खड्डा भरला आहे, सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद. पूर्वी तिथला पाला पेटवून देत, आणि दुपारच्या वर्गात धूर येई. काही पालकांचे म्हणणे आहे की खड्ड्याने घाण वास आणि डास होतील, तो बुजवावा. पुढच्या बैठकीत त्यावर ठरणार आहे. डास साचलेल्या पाण्यात होतात, आणि आपल्या खड्ड्यात पाणी साचू देत नाही. वास येतो तो हवा कोंडल्यावर. पहिल्यांदा वरखाली केला तेव्हा वाफा निघत होत्या, गुरुजींनी तापमापक घातला तर पारा ५८ वर गेला. दुसऱ्यांदा येत्या शनिवारी सकाळी साडेसात वाजता सातवीचा वर्ग करणार आहे. ज्यांना शंका आहे त्यांनी अवश्य येऊन जवळ उभे राहावे. फावडी दोनच आहेत, कुणाकडे असेल तर आणावे. चुलीची राख घमेलेभर कमी पडते आहे. कोळशाची नको, लाकडाची हवी. आणि डब्यातल्या पिशव्या कृपा करून खड्ड्यात टाकू नयेत, मागच्या वेळी सतरा निघाल्या.