रमाबाईंच्या हातातली पुस्तकं

आमच्या वसमतला फेब्रुवारी ते एप्रिल बायकांना पुस्तकाचं नाव काढायलाही सवड नसते. हळद काढायची, शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची. घरादाराला पिवळा रंग चढलेला असतो. माल एकदा मोंढ्यात गेला की मग कुठे दुपारची थोडी उसंत मिळते. अशा उसंतीत मैत्रिणी हमखास विचारतात, मनाला उभारी देणारं काहीतरी वाचायला सांग ना! त्यांच्यातली एक ख्रिस्ती आहे, दवाखान्यात नोकरी करते. तिचा प्रश्न नेमका होता. स्वतःला धीर यावा आणि रात्री जेवणं झाल्यावर सासूबाई, नवरा, मुलं अशा सगळ्यांना मिळून वाचता यावं असं ख्रिस्ती पुस्तक कोणतं घ्यायचं? प्रदर्शनात ढीग असतात, भाषांतरं असतात, चकचकीत मुखपृष्ठं असतात. त्यातून निवडायचं कसं?

मी काही त्यातली जाणकार नव्हे. पण तिचा प्रश्न ऐकून मला आठवल्या त्या पंडिता रमाबाई. आपण त्यांना संस्कृत पंडिता, विधवांच्या कैवारी म्हणून ओळखतो. मला मात्र त्यांचं चरित्र वाचताना दर वेळी वाटतं की या बाईंच्या आयुष्याच्या प्रत्येक वळणावर एक पुस्तक उभं आहे. कुठलं नकोसं झालेलं, कुठलं घरच्यांची नाराजी पत्करून वाचलेलं, तर कुठलं वाचून झाल्यावर स्वस्थ बसू न देणारं!

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८चा, सह्याद्रीच्या रानातल्या गंगामूळचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांनी लोकांचा रोष ओढवून घेतला होता. त्याच आईनं, लक्ष्मीबाईंनी, पुढे रमाबाईंना शिकवलं. मूल सहा महिन्यांचं असतानाच घर सुटलं आणि वेताच्या पेटाऱ्यातून या बाळाची तीर्थयात्रा सुरू झाली. उपजीविकेचं साधन काय, तर देवळात, घाटावर बसून पुराणं वाचायची. ऐकणारे शिधा ठेवायचे, पैसा ठेवायचे. ऐकणाऱ्यांतल्या किती जणांना संस्कृत कळत होतं? फारच थोड्यांना. पण अर्थ सांगण्याची गरजच नव्हती, कारण कानावर पडलं की पुण्य लागतं अशी श्रद्धा होती. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

मग दुष्काळ आला. १८७४च्या सुमारास काही महिन्यांच्या अंतरानं वडील गेले, आई गेली. पाठोपाठ मोठी बहीणही गेली. उरले रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघं भावंडं अनवाणी, अर्धपोटी, हजारो मैल चालत राहिली. १८७८ साली ती कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या पंडितांनी वीस वर्षांच्या या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळाल्या.

याच कलकत्त्यात रमाबाईंच्या हाती पहिल्यांदा बायबल पडलं. तेही संस्कृतातलं! तुम्हाला वाटेल, संस्कृत पंडिताच ती, तिला तर लगेच भावलं असेल. पण झालं उलटंच. ती भाषा त्यांच्या ओळखीच्या संस्कृतासारखी नव्हती, शिकवणही परकी. भावंडांना ते वाचणं म्हणजे वेळ वाया घालवणं वाटलं. पुस्तक बाजूला पडलं.

पुढे ढाक्याला भाऊही वारला. १८८० साली रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. जात वेगळी, भाषा वेगळी. त्या काळात केवढं धाडस! संसार मांडला आसामातल्या सिल्चरला. तिथे एक दिवस नवऱ्याच्या पुस्तकांत त्यांना एक लहानशी पुस्तिका सापडली, लूकचं शुभवर्तमान, बंगालीतलं. रमाबाईंनी तोवर बंगाली शिकून घेतली होती. जे संस्कृतातून हाती ठेववेना, ते बंगालीतून मनात शिरलं. तिथल्या एका मिशनऱ्याकडून त्या अर्थ समजावून घेऊ लागल्या. नवऱ्याला मात्र ते रुचलं नाही. तो स्वतः मिशनच्या शाळेत शिकलेला, पण बायकोनं ख्रिस्ती म्हणवून घ्यावं हे त्याला नको होतं. रमाबाईंनी वाद वाढवला नाही, वाचन मात्र विसरल्या नाहीत.

घरात एकाला आवडतं ते दुसऱ्याला खुपतं, हे आपल्याला काय नवीन आहे? पोथी असो की बायबल, घराघरात हे चालतंच. सिल्चरच्या घरात तो प्रश्न सुटायला वेळच मिळाला नाही. १८८१ साली मनोरमा जन्मली आणि १८८२च्या फेब्रुवारीत पटकीनं नवरा गेला. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती.

तान्ही मुलगी घेऊन रमाबाई पुण्याला आल्या. इथे त्यांनी आर्य महिला समाज काढला, आणि मराठीत स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिलं. या पुस्तकाच्या विक्रीतून आलेल्या पैशांनी १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. तिथे वाँटेजच्या जोगिणींकडे त्या राहिल्या. लंडनमधल्या त्यांच्या आश्रमात समाजानं टाकून दिलेल्या बायकांना मायेनं वागवलेलं त्यांनी पाहिलं. असं का करता, हे विचारल्यावर एका सिस्टरनं त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. पुस्तकातलं पान आणि समोरचं काम यांचा मेळ त्यांना तिथे दिसला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी आणि चिमुकल्या मनोरमेनं बाप्तिस्मा घेतला. पुण्यात केवढं वादळ उठलं असेल, कल्पना करा!

मात्र बाप्तिस्मा घेतला म्हणून त्यांनी डोकं गहाण टाकलं नाही. चर्चच्या मोठ्या मंडळींशी त्या पत्रांतून वाद घालत राहिल्या, पटलं नाही ते पटलं नाही म्हणत राहिल्या. १८८६ साली डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या, तिथे हिंदू उच्चवर्णीय स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, गावोगाव व्याख्यानं दिली आणि विधवांच्या शाळेसाठी मदत उभी केली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्याच वर्षी ते पुण्याला आलं. सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई. त्या शेवटपर्यंत हिंदूच राहिल्या, हेही सांगायला हवं.

याच काळात, १८९१च्या सुमारास, रमाबाईंच्या हाती विल्यम हॅसलम या इंग्रज धर्मगुरूचं आत्मचरित्र आलं. हे गृहस्थ वर्षानुवर्षं चर्चमध्ये प्रवचनं देत होते आणि एक दिवस प्रवचन देता देताच त्यांना स्वतःला उमगलं की आपण सांगतो ते आपल्या अंतरी उतरलेलंच नाही. रमाबाई थबकल्या. बाप्तिस्म्याला आठ वर्षं झाली होती. आपल्याला धर्म मिळाला, पण ज्याच्या नावाचा तो धर्म, तो मिळाला का, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. मला हे फार मोलाचं वाटतं. धीर देणारं पुस्तक म्हणजे गोंजारणारं पुस्तक असं आपण धरून चालतो. रमाबाईंना ज्यानं उभं केलं, त्या पुस्तकानं आधी त्यांना अस्वस्थ केलं होतं.

पण दुसऱ्यांच्या लेकींसमोर काय वाचायचं, हा प्रश्न वेगळा. सदनात धर्माची सक्ती करायची नाही असं ठरलेलं होतं. रमाबाई स्वतःच्या खोलीत बायबल वाचत, प्रार्थना करत. दार उघडं असे आणि काही मुली आपणहून येऊन बसत. त्यांना घालवून देणं रमाबाईंना मान्य नव्हतं. पुण्यातल्या पालकांना आणि सुधारकांना हा दिलेल्या शब्दाचा भंग वाटला. १८९३ साली प्रकरण पेटलं. रानडे, भांडारकरांसारखी मंडळी सल्लागार मंडळातून बाहेर पडली, कित्येक मुलींना घरी नेण्यात आलं. चूक कोणाची? मला दोन्ही बाजू कळतात. आईबापांनी विश्वासानं सोपवलेल्या मुली होत्या, त्यांची भीती खोटी नव्हती. आणि जिच्या आयुष्याला एका पुस्तकानं आधार दिला, तिनं ते दार लावून वाचावं, हेही कठीणच. पण एक कळतं. घरात मोठ्यानं वाचायचं तर ऐकणाऱ्याला उठून जायची मोकळीक हवी. नाहीतर वाचनाची शिक्षा होते.

त्या काळात आणखी तीन पुस्तकांनी रमाबाईंना धरून ठेवलं. एक ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरचं. कोणापुढे हात न पसरता, केवळ प्रार्थनेच्या भरवशावर हजारो अनाथ मुलांना सांभाळणारा हा माणूस. दुसरं हडसन टेलरनं चीनमध्ये उभारलेल्या मिशनच्या कामाचं आणि तिसरं न्यू हेब्रिडीज बेटांवर काम करणाऱ्या जॉन पेटनचं चरित्र. तिन्ही पुस्तकं अनुभवाची होती, पोकळ उपदेशाची नव्हती. त्यांनी केलं, मग आपल्या देशात का होऊ नये, असं रमाबाईंच्या मनात आलं.

आणि लगेच कसोटीची वेळ आली. १८९६ साली मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. रमाबाईंनी स्वतः लहानपणी दुष्काळात आईबाप गमावलेले. त्या तडक निघाल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन परतल्या. खायला काय घालायचं, ठेवायचं कुठे, पैसा कुठून आणायचा, काही ठाऊक नव्हतं. दौंडजवळ केडगावला घेतलेल्या जमिनीवर झोपड्या उभ्या राहिल्या. तेच मुक्ती सदन. १९००च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथल्या बायका-मुलींची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, गोठा, तेलघाणा, छापखाना अशी कितीतरी कामं बायका करू लागल्या.

आता त्या पुराणवाचनाकडे परत येऊ. मुक्तीतल्या बायका खेड्यापाड्यातल्या. अक्षरओळख नुकती झालेली. त्यांच्या हाती असलेलं मराठी बायबल संस्कृतप्रचुर, जड. रमाबाईंना ते सहज कळे, पण त्या बायकांचं काय? लहानपणी देवळात आपण वाचायचो आणि समोरच्या बायांना एक अक्षर कळायचं नाही, तेच पुन्हा चालू द्यायचं का? पन्नाशीच्या उंबरठ्यावर रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या! संस्कृतात शास्त्र्यांना गप्प करणाऱ्या या विदुषीनं मुद्दाम संस्कृत शब्द टाळले आणि अडाणी बाईला कळेल अशा साध्या मराठीत अख्खं बायबल उतरवायला घेतलं. एकट्या बाईनं! मुक्तीतल्याच मुली खिळे जुळवत, छपाई करत, आणि रमाबाई प्रुफं तपासत.

या कामाला सतरा-अठरा वर्षं लागली. १९२१च्या जुलैत मनोरमा गेली, संस्थेची वारस, म्हातारपणची काठी. तरी काम थांबलं नाही. शेवटची प्रुफं हातावेगळी झाली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी डोळे मिटले. ग्रंथ पूर्ण छापून बाहेर आला तो १९२४ साली. त्यांना तो पाहता आला नाही.

तर मैत्रिणींनो, निवडायचं कसं, याचं उत्तर मला या आयुष्यात सापडतं. मोठं नाव, जाड बांधणी, भारी भाषा बघू नका. लिहिणाऱ्यानं सोसलंय का, ते बघा. भाषांतर असेल तर दुकानात उभ्याउभ्या एक पान वाचा. वाक्य अडखळलं तर ते घरीही अडखळणारच. मराठीत या वाटेवरचं भांडार काही लहान नाही. बाबा पदमनजींचं १८५७ सालचं यमुनापर्यटन आहे, विधवांच्या दुःखाची कादंबरी. त्यांचंच अरुणोदय हे आत्मचरित्र आहे. आणि घरात सगळ्यांनी मिळून वाचायला लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रं तर हवीतच. नवरा ख्रिस्ती झाल्यावर कोसळलेली, मग सावरलेली, १९०० साली स्वतःच्या विचारानं बाप्तिस्मा घेणारी ही बाई काय हसवते आणि काय रडवते! ख्रिस्ती असा, नसा, सासूबाईंपासून नातवापर्यंत सगळे ऐकत बसतील.

पुस्तक घरी आणलं की एक करा. घरात जी सगळ्यांत कमी शिकलेली असेल, आजी असेल, कामाला येणाऱ्या मावशी असतील, तिला त्यातलं एक पान मोठ्यानं वाचून दाखवा. तिनं हातातलं काम थांबवून पुढे काय झालं असं विचारलं, तर पुस्तक ठेवून घ्या. रमाबाईंनी शेवटची सतरा-अठरा वर्षं त्याच बाईसाठी खर्ची घातली होती.