विल्यम कूपर ह्यांचे चरित्र व त्यांचे मनाचे दुखणे

देवाच्या गूढ मार्गांविषयी आणि ख्रिस्ताच्या रक्ताने भरलेल्या झऱ्याविषयी ज्यांनी गीते रचिली, व ज्यांची ती गीते अनेक देशांच्या मंडळ्या दोनशे वर्षांहून अधिक काळ गात आल्या आहेत, ते विल्यम कूपरसाहेब आपल्या आयुष्याची शेवटली सत्तावीस वर्षे बहुतेक काळ एकाच समजुतीत जगले. ती ही की, देवाने आपणास कायमचे टाकून दिले आहे. गीते गाताना ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. ती सांगावी असे मला वाटते, म्हणून हे चरित्र लिहीत आहे.

त्यांचा जन्म इंग्लंडातील बर्कमस्टेड गावी २६ नोव्हेंबर १७३१ रोजी झाला. वडील त्या गावचे पाळक होते. विल्यम सहा वर्षांचा होत आला होता तोच, १७३७ साली, धाकट्या भावाच्या जन्माच्या वेळी आई वारली. ह्या मुलास लागलीच घरापासून दूर शाळेत ठेविले. तेथे एक मोठा मुलगा त्यास इतका छळीत असे की, विल्यमला वर मान करून त्याचे तोंड पाहण्याचे धैर्य होत नसे. तो त्यास जोड्यांच्या बकलांवरून ओळखी. आईची आठवण मात्र पुसली नाही. पन्नासहून अधिक वर्षांनी एका नातलग बाईने तिची तसबीर पाठविली, तेव्हा कूपरसाहेबांनी तिजवर जी कविता केली ती इंग्रजी भाषेत आजही वाचली जाते.

पुढे ते वेस्टमिन्स्टरच्या शाळेत शिकले व १७५४ साली वकील झाले. वकिलीत मन रमले नाही. चुलत्याच्या मुलीशी लग्न करण्याची इच्छा होती, ती चुलत्याने मोडिली. मग १७६३ साली सरदारांच्या सभेच्या दप्तरावरील एक चांगली जागा त्यांस मिळण्याचे ठरले. परंतु त्यासाठी सभेपुढे उभे राहून परीक्षा द्यावी लागणार होती. ही परीक्षा जसजशी जवळ येऊ लागली तसतशी त्यांची झोप उडाली, मन काळवंडून गेले. आत काय चालले आहे हे त्यांनी जवळच्यांसही पुरते कळू दिले नाही. शेवटी त्यांनी अनेक वेळा आत्मघाताचा यत्न केला. प्रभूने त्यांस वाचविले, व तेव्हाच काय ते त्यांनी आपल्या एका नातलगास बोलावून सर्व सांगितले.

त्या काळी लंडन शहरी बेडलाम नावाचे वेड्यांचे इस्पितळ होते, आणि तेथे लोक पैसे देऊन रोग्यांची मौज पाहावयास जात असत. कूपरसाहेबांच्या घरच्यांनी त्यांस तेथे धाडिले नाही, ही मोठी कृपा समजली पाहिजे. सेंट ऑल्बन्स गावी डॉक्टर नॅथॅनिएल कॉटन ह्यांचे लहानसे रुग्णगृह होते, तेथे त्यांस नेले. हे डॉक्टर विद्वान, कवी व देवभक्त होते. रोग्याशी दयेने वागावे, त्याशी बोलावे, अशी त्यांची रीत होती. काही महिन्यांनी, १७६४ साली, खिडकीजवळ असलेले शास्त्र उचलून कूपरसाहेबांनी उघडिले, आणि रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायातील पंचविसावे वचन, जे ख्रिस्ताच्या रक्ताने झालेल्या प्रायश्चित्ताविषयी आहे, ते त्यांच्या दृष्टीस पडले. त्या दिवशी त्यांस तारणाचा आनंद झाला. त्यांनी डॉक्टरांचे घर मात्र सोडिले नाही. तेथे ते एकंदर अठरा महिने राहिले. औषध व वचन ह्यांत त्यांस काही विरोध दिसला नाही.

१७६५ साली ते हंटिंग्डन येथे गेले व अन्विन नावाच्या पाळकांच्या घरी राहू लागले. दोन वर्षांनी पाळकसाहेब घोड्यावरून पडून वारले, तेव्हा मेरी अन्विनबाई व कूपरसाहेब ओल्नी गावी आली. तेथील पाळक जॉन न्यूटन हे पूर्वी गुलामांच्या गलबताचे कप्तान होते. ओल्नीचे लोक गरीब. जाळीची किनार विणून पोट भरणारे. न्यूटनसाहेबांबरोबर कूपरसाहेब ह्या लोकांच्या झोपड्यांतून हिंडत, आजाऱ्यांजवळ बसत, प्रार्थनासभा चालवीत. उपदेशकाचे काम करणाऱ्या आपल्या बंधूंस हे चित्र ओळखीचे वाटेल. दोघांनी मिळून त्या गरिबांसाठी गीते रचण्याचे ठरविले. १७७९ साली जो गीतसंग्रह निघाला त्यात कूपरसाहेबांची साठाहून अधिक गीते आहेत.

ती तितकीच का, ह्याचे कारण दुःखाचे आहे. १७७३ च्या जानेवारीत दुखणे उलटले. त्यांस एक स्वप्न पडले, आणि आपला नाश ठरला आहे असे त्यांनी त्यावरून मानिले. पुन्हा आत्मघाताचा यत्न झाला. आपण प्रार्थना केली तर तेही पापच होईल असे ते म्हणू लागले. उपासनेस येणे बंद झाले. ज्यांची गीते मंडळी गात होती, ते स्वतः मंडळीबाहेर बसले.

अशा वेळी न्यूटनसाहेबांनी काय केले? त्यांनी ह्या आजारी मित्रास व अन्विनबाईस आपल्या पाळकगृहात घेतले, व एक वर्षाहून अधिक काळ ठेविले. लोक बोलत होते, घरात अडचण होती, तरी त्यांस हाकून दिले नाही. कोणते पाप लपविले आहे ते सांग, असे म्हणून त्यांच्या मागे ते लागले नाहीत.

येथे मला माझी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. पाळकीच्या पहिल्या वर्षांत मजकडे एका बहिणीस आणिले. ती रात्रभर जागी असे, खात नसे, मूल जवळ घेत नसे. मी तीस अधिक प्रार्थना करावयास व विश्वास वाढविण्यास सांगितले, आणि घरी पाठविले. शेजारी तीस बाहेरची बाधा झाली म्हणत होते, घरचे तीस कोंडून ठेवीत होते, आणि मी ख्रिस्ताचा सेवक असून त्यांच्यापेक्षा काही निराळे सांगितले नाही. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवाच्या दूताने त्यास आधी भाकर दिली व झोपू दिले, हे मी सेमिनरीत शिकलो होतो. परंतु त्या दिवशी मला ते आठवले नाही. आता मी अशा माणसाबरोबर स्वतः डॉक्टरांकडे जातो. ज्या गावी डॉक्टर जवळ नाही तेथील उपदेशकांनी १४४१६ हा क्रमांक लिहून ठेवावा. भारत सरकारने २०२२ साली टेलिमानस नावाची ही सोय सुरू केली. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते.

आता कूपरसाहेबांकडे वळू. १७७४ साली थोडे बरे वाटू लागले तेव्हा कोणी त्यांस सशाचे एक पिल्लू दिले. मग आणखी आली, व त्यांनी तीन पाळली: पस, टायनी व बेस. त्यांच्यासाठी त्यांनी स्वतः सुतारकाम करून खुराडी बांधिली. पस आजारी पडला तेव्हा त्याची शुश्रूषा केली, आणि तो बरा झाल्यावर त्यांचा हात चाटू लागला. टायनी मात्र शेवटपर्यंत रागीटच राहिला. पस जवळजवळ बारा वर्षे जगला. कूपरसाहेबांनी बागही केली, काकड्या लाविल्या. रिकामे बसले की काळोख दाटून येतो हे त्यांस कळून चुकले होते.

१७८० साली न्यूटनसाहेब लंडनास गेले. अन्विनबाईने कविता लिहिण्याची गळ घातली. १७८२ साली पहिले पुस्तक व १७८५ साली मोठे काव्य निघाले, आणि हा ओल्नीचा एकांतवासी मनुष्य सर्व इंग्लंडात प्रसिद्ध झाला. १७८८ साली त्यांनी गुलामांच्या व्यापाराविरुद्ध कविता लिहिल्या, त्या चळवळीतील लोकांनी छापून वाटल्या. दुखण्याचे मन असूनही दुसऱ्याचे दुःख त्यांस दिसत असे. आपल्या पहिल्या दुखण्याचा सर्व वृत्तांत त्यांनी काही न लपविता लिहून ठेविला होता. तो १८१६ साली प्रसिद्ध झाला. पत्रांतूनही ते मित्रांस खरे ते कळवीत.

धर्मामुळेच, किंवा न्यूटनसाहेबांच्या कडक उपदेशामुळे, त्यांस वेड लागले असे लिहिणारे पुष्कळ झाले. मला हे पटत नाही. त्यांचे दुखणे न्यूटनसाहेबांची भेट होण्यापूर्वीचे आहे. परंतु विश्वास असला म्हणजे असे दुखणे येतच नाही, हेही त्यांच्या चरित्रावरून म्हणता येत नाही.

कूपरसाहेब ओल्नीत असतानाच, १७८५ साली, एक तरुण चांभार तेथील बाप्तिस्त मंडळीत येऊ लागला. ते विल्यम केरी, ज्यांच्या बंगालातील सेरामपूरच्या छापखान्यात १८११ साली मराठी नवा करार छापला गेला. त्यांची पत्नी डोरोथीबाई १७९३ साली मन नसताना हिंदुस्थानात आली. पुढल्या वर्षी तिचा पाच वर्षांचा मुलगा पीटर वारला, आणि तिचे मन बिघडले ते १८०७ साली तिच्या मरणापर्यंत सुधारले नाही. शेवटली वर्षे तीस खोलीत कोंडून ठेवावे लागले. केरीसाहेबांच्या कार्याविषयी आपण वरचेवर ऐकतो. ह्या बाईचे नाव किती मंडळ्यांत घेतले गेले आहे?

कूपरसाहेबांचा शेवट सुखाचा झाला नाही. अन्विनबाईस पक्षघाताचे झटके आले, आणि जिने इतकी वर्षे त्यांस सांभाळिले तीस ते आता सांभाळू लागले. १७९५ साली जॉन जॉन्सन नावाच्या तरुण नातलगाने त्या दोघांस आपल्याकडे नॉर्फक प्रांतात नेले. तेथे ईस्ट डीरम गावी डिसेंबर १७९६ मध्ये बाई वारली. त्यानंतर कूपरसाहेबांचे मन पुन्हा उजळले नाही. १७९९ साली त्यांनी गलबतावरून समुद्रात पडलेल्या एका खलाशाची कविता लिहिली. त्यात आशेचा शब्द नाही. २५ एप्रिल १८०० रोजी त्यांनी प्राण सोडिला. जॉन्सनने त्यांस शेवटपर्यंत सोडिले नव्हते. त्याने लिहून ठेविले आहे की, मृत्यूनंतर त्यांच्या चेहऱ्यावर शांती होती, आणि तिच्याबरोबर काहीतरी पवित्र आश्चर्य मिसळलेले दिसत होते.