पेहराव आणि प्रतिष्ठा : बाबासाहेबांच्या चरित्रातील एक दुर्लक्षित प्रकरण

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र सांगताना आपण त्यांच्या पदव्या सांगतो, चवदार तळे आणि काळाराम मंदिर सांगतो, राज्यघटना सांगतो आणि अखेरीस दीक्षाभूमीवर येऊन थांबतो. हा क्रम योग्यच आहे. परंतु इतिहासाच्या तासाला दरवर्षी एखादा विद्यार्थी उठून विचारतो, की त्या काळचे सारे पुढारी धोतर-खादीत असताना बाबासाहेब मात्र नेहमी कोट-टायमध्येच का दिसतात? हा प्रश्न आम्ही कधी बालिश मानला नाही. त्याच्या उत्तरात त्यांचे अर्धे चरित्र दडलेले आहे. या लेखात आम्ही तेवढाच धागा धरणार आहोत.

माणसाने अंगावर काय ल्यावे, केस कसे ठेवावेत, कोणत्या धातूचा दागिना घालावा, हे ठरविण्याचा अधिकार ज्याचा त्याला असतो असे आज आपल्याला वाटते. आपल्या पूर्वजांना तो नव्हता. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतावरची वस्त्रे नेसावीत, फुटक्या भांड्यांत जेवावे आणि लोखंडाचे दागिने घालावेत, असे लिहून ठेवले आहे. पेशवाईच्या काळात अस्पृश्याला मनगटाला वा गळ्यात काळा दोरा बांधावा लागे. पुण्यात तर गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधून चालावे लागे, याची नोंद बाबासाहेबांनी १९३६ च्या आपल्या जातिसंस्थेवरील प्रसिद्ध निबंधात केली आहे. त्याच निबंधात इंदूरकडील बलाई जातीवर स्पृश्यांनी लादलेल्या अटीही आहेत. पुरुषांनी जरीकाठी पागोटे बांधू नये, रंगीत काठाचे धोतर नेसू नये. स्त्रियांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत. ही हकिगत १९२८ च्या आरंभी वृत्तपत्रात छापून आली होती. म्हणजे मनूचा ग्रंथ कोठे पोथीत पडून नव्हता; तो माणसांच्या अंगावर लिहिलेला होता. आणि अंगावर लिहिलेले पिढ्यान्पिढ्या वाचत राहिले की ते मनातही उतरते. आपण दिसायला ओंगळ आहोत, आपल्याला हे शोभत नाही, असे मग माणूस स्वतःच म्हणू लागतो. गुलामीची ही सर्वांत स्वस्त पद्धत होय, कारण तिला पहारेकरी लागत नाही.

या अंधारात एक फट पडली ती लष्कराच्या गणवेशामुळे. रामजी सकपाळ सुभेदार होते, लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. ज्या घराण्याचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे, त्या घरातल्या पुरुषाच्या अंगावर असा पोशाख आला की जो जातीने ठरविला नव्हता. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील छावणीत भीमराव जन्मले ते अशा घरात. नीटनेटकेपणा हा त्या घराचा संस्कार होता आणि त्याचे मूळ छावणीतल्या शिस्तीत होते, असे आमचे मत आहे.

पण छावणीच्या कुंपणाबाहेर सातारा होते. तेथील शाळेत भीमरावांना बसण्यासाठी घरून गोणपाट न्यावे लागे, आणि शिपायाने वरून ओतल्याखेरीज पाणी मिळत नसे. हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. याहून कमी सांगितली जाणारी गोष्ट केसांची. साताऱ्यात न्हावी होते, सुभेदारांकडे पैसेही होते. परंतु अस्पृश्याच्या डोक्याला हात लावावयास एकही न्हावी तयार नव्हता. म्हणून थोरली बहीण सर्व भावंडांचे केस कापी, आणि हे करता करता ती त्या कामात चांगलीच तरबेज झाली. धुण्याचेही तेच. वाचणाऱ्यास यात बहिणीची माया दिसेल, आणि ती होतीच. पण आपल्या केसांना हात लावण्याने कोणी बाटतो, ही जाणीव ज्या वयात मुलाला झाली, ते वय आरशात स्वतःकडे पाहू लागण्याचे असते.

१९०१ साली घडलेला मसूर स्टेशनवरचा प्रसंग तर या विषयाचा गाभा आहे. रामजीबाबा तेव्हा खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे दुष्काळी कामावर खजिनदार होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांनी यावे असे त्यांनी कळविले. मुलांच्या आनंदाला पारावार राहिला नाही. विलायती बनावटीचे नवे सदरे शिवले गेले, चकचकीत टोप्या आल्या, रेशीमकाठी धोतरे आली, नवे जोडे आले. भाऊ-भाचरांसह भीमराव मसूरला उतरले. न्यायला कोणी आले नव्हते. कपड्यांवरून आणि बोलण्यावरून स्टेशनमास्तरला ही ब्राह्मणांची मुले वाटली, आणि त्यांची अडचण पाहून त्याचे मन कळवळले. त्याने सहज विचारले, तुम्ही कोण? भीमरावांच्या तोंडून पटकन निघून गेले, की आम्ही महार. त्याचा चेहरा क्षणात पालटला आणि तो आपल्या खोलीत निघून गेला. पुढे गाडीवानांनी नकार दिला. दुप्पट भाडे घेऊन एकजण कबूल झाला तोही या अटीवर की मुलांनी गाडी हाकावी आणि त्याने बाजूने चालावे. जवळ जेवण असूनही पाण्यावाचून ती रात्र मुलांनी उपाशी काढली.

या प्रसंगात आम्हांला नेहमी तो क्षण विचार करावयास लावतो, ज्यात स्टेशनमास्तरचे मत बदलले. मुले तीच होती. चेहरे, सदरे, टोप्या तेच होते. एका शब्दाने सुंदर मुले अमंगळ झाली. रूप डोळ्यांना दिसते अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात समाज आधी डोळ्यांना शिकवतो आणि मग डोळे पाहतात. नऊ-दहा वर्षांच्या मुलाने हे त्या फलाटावर अनुभवले.

१९१३ साली ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तेथून लंडनला. परदेशातील वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी पुढे आपल्या आठवणींत नमूद केले. १९१७ साली करारानुसार ते बडोद्यास नोकरीवर रुजू होण्यास आले आणि स्टेशनवर उतरताच उतरायचे कोठे हा प्रश्न उभा राहिला. हिंदू खाणावळीत जागा मिळणे शक्य नव्हते. एका पारशी विश्रामगृहाच्या रखवालदाराने वरची खोली दाखवली. भीमराव कपडे बदलत असताना तो नोंदवही घेऊन आला, आणि अंगावर सदरा व कस्ती ही पारशांची धर्मचिन्हे नाहीत हे त्याच्या लक्षात आले. शेवटी दिवसाला दीड रुपया भाड्यावर आणि पारशी नाव लिहिण्याच्या अटीवर तो कबूल झाला. एदलजी सोराबजी या नावाने कोलंबियाचा हा विद्वान त्या ओसाड इमारतीत राहिला. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले पारशी दारात उभे राहिले. नोकरीच्या गावी आसरा न मिळाल्याने मुंबईची गाडी येईपर्यंतचा वेळ त्यांनी कमाटी बागेत काढला. कोटाच्या आतले अंग काय सांगते ते पाहून या देशात खोली मिळते, हा धडा तेथे पक्का झाला.

आता कोटाच्या प्रश्नाकडे येऊ. १९२१ च्या सप्टेंबरात मदुराई येथे गांधीजींनी पंचा नेसण्याचे व्रत घेतले. त्यांच्या हेतूबद्दल येथे वाद घालण्याचे कारण नाही. परंतु वस्त्र सोडून देणे हा त्याग ठरतो तो वस्त्र अंगावर घालण्याचा हक्क ज्याला पिढीजात आहे त्याच्याच बाबतीत. ज्याच्या आजोबाला गुडघ्याखाली धोतर सोडण्याची मुभा नव्हती, त्याने पंचा नेसला तर कोणाला त्यात त्याग दिसणार? गावकरी म्हणतील, आला मूळ पदावर. म्हणून बॅरिस्टर आंबेडकरांनी इस्त्रीचा कोट घातला, तो विलायतेच्या मोहाने घातला असे म्हणणाऱ्यांना भारतीय समाज कळलेला नाही. घरात ते साध्या लुंगी-सदऱ्यातही असत. तशी छायाचित्रे आपण पाहिली आहेत. कोट हा सार्वजनिक जीवनातला त्यांचा पवित्रा होता.

मात्र कोटाने सर्व काही साधते असा त्यांचा भ्रम नव्हता, तो होऊ देणारी परिस्थितीही नव्हती. १९२९ साली चाळीसगावला टांगेवाल्यांनी त्यांना न्यावयास नकार दिला. पाहुण्याला पायी नेणे बरे नव्हे म्हणून वस्तीतल्या मंडळींनी टांगा मिळवला, हाकणारा मात्र नवखा होता. टांगा उलटला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. टांगेवाल्याच्या लेखी बॅरिस्टरसुद्धा त्याच्याहून हलकाच होता. १९३४ साली दौलताबादच्या किल्ल्याबाहेर प्रवासाच्या धुळीने माखलेले चेहरे त्यांनी व सहकाऱ्यांनी हौदावर धुतले, तर हौद बाटवला म्हणून गर्दी अंगावर आली. चेहऱ्यावरची धूळ काढणे हासुद्धा गुन्हा ठरावा!

महाडच्या डिसेंबर १९२७ च्या परिषदेची आठवण मनुस्मृती दहनासाठी काढली जाते. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे जे भाषण केले, ते आमच्या दृष्टीने त्या दहनाचा उत्तरार्ध आहे. लुगडे नेसण्याच्या पद्धतीवरून, गळ्यातल्या एकावर एक गळसऱ्यांवरून आणि कोपरापर्यंतच्या कथील-चांदीच्या गोट-पाटल्यांवरून अस्पृश्य बाई दुरून ओळखू येते. या खुणा टाकून द्या, असे त्यांनी सांगितले. घालायचा तर सोन्याचा दागिना घाला, नाहीतर घालू नका, वस्त्र फाटके असले तरी स्वच्छ असू द्या, मुलींना शिकवा. स्त्रियांनी हे ऐकले आणि लगेच केले. लुगडी घोट्यापर्यंत आली. नव्या पद्धतीने नेसावयास चित्रे व टिपणीस यांच्या घरच्या स्त्रियांनी मदत केली. मनूने लोखंड नेमून दिले होते, त्याचा ग्रंथ जळाला आणि त्याचे दागिनेही उतरले.

या भाषणावर काही अभ्यासक आक्षेप घेतात, की हे उच्चवर्णीयांचे अनुकरण झाले. आक्षेप अगदीच पोकळ नाही. त्या पाटल्यांत कोणाच्या आईची आठवण असेल, अडीनडीची पुंजी असेल. स्वतःच्या डोळ्यांना त्या सुंदरही दिसत असतील. त्या उतरवताना काही गमावले गेले हे मान्य केले पाहिजे. तरीही ज्या अलंकाराने शेतावर, पाणवठ्यावर, बाजारात तिच्याशी कसे बोलावे हे समोरच्याला कळत होते, तो अलंकार म्हणजे मुळात बिल्लाच होता. बिल्ला काढून टाकणे आणि दुसऱ्यासारखे होणे यांत फरक आहे.

पुढे बाबासाहेबांनी या प्रश्नाच्या मुळालाही हात घातला. ब्रिटिश अधिकारी रिस्ले याने लोकांची नाके मोजून असा सिद्धांत मांडला होता, की जात जितकी उच्च तितके नाक सरळ आणि अरुंद. अस्पृश्य हे वेगळ्या, हीन वंशाचे, हे मत त्यामुळे शास्त्रीय ठरू लागले होते. १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात बाबासाहेबांनी डॉ. घुर्ये यांनी मांडलेली नाकांची मापेच पुढे ठेवली आणि ब्राह्मण व अस्पृश्य यांच्यात वंशभेद सिद्ध होत नाही असे दाखवले. त्याआधी १९४६ च्या शूद्रांवरील ग्रंथात वेदांतील वर्ण या शब्दाचा मूळ अर्थ कातडीचा रंग नसून श्रद्धा वा पंथ असा असल्याचे प्रतिपादन त्यांनी केले होते. आपल्या नाकाची आणि रंगाची लाज वाटण्यास कोणताही वैज्ञानिक आधार नाही, हे त्यांनी असे ग्रंथ लिहून सिद्ध केले.

आणि आपण? आपल्या वधू-वर परिचय पत्रकात आजही एक रकाना असतो, वर्ण. मनुस्मृती जाळणाऱ्यांची नातवंडे तो रकाना भरतात, त्यात गोरा किंवा निमगोरा असे लिहितात, आणि सावळे लिहिताना मुलीची आई क्षणभर थांबते. वसतिगृहात स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी चेहऱ्याला पावडर फासणारी मुले-मुली आम्ही तीस वर्षे पाहत आहोत. त्यांना रागावण्यात अर्थ नाही. पत्रक छापणारे आपणच आहोत. पालकांनी निदान तो रकाना काढून टाकावा, एवढी या निमित्ताने आमची विनंती आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेब कोट-टायमध्ये आले नाहीत. शुभ्र रेशमी धोतर आणि पांढरा कोट असा त्यांचा वेश होता. मधुमेहाने आणि संधिवाताने शरीर खचले होते, हातात काठी होती. शेजारी माईसाहेब पांढऱ्या साडीत. भदन्त चंद्रमणी महास्थविरांनी त्रिशरण-पंचशील दिले. समोर लाखोंचा समुदाय पांढऱ्या वस्त्रांत बसला होता आणि त्यात स्त्रियांची संख्या मोठी होती. ज्या समाजात सवाष्णीने पांढरे नेसणे अशुभ आणि पांढरे कपाळ ही शिवी, तेथे या मायमाऊल्या कोणाला न विचारता पांढरे लुगडे नेसून, लेकरे कडेवर घेऊन आल्या होत्या. महाडला त्यांनी दुसऱ्यांसारखे नेसून पाहिले होते. नागपूरला त्यांनी जे नेसले ते कोणासारखेही नव्हते.

त्यानंतर जेमतेम आठ आठवडे गेले. ६ डिसेंबरला दिल्लीत महापरिनिर्वाण झाले आणि ७ डिसेंबरला दादरच्या चौपाटीवर बौद्ध पद्धतीने अंत्यसंस्कार झाले. त्या सागरतीरावर, चितेच्या साक्षीने, भदन्त आनंद कौसल्यायन यांच्याकडून हजारो लोकांनी धम्मदीक्षा घेतली. त्यातले कित्येक जण गिरणीतून, गोदीतून थेट आले होते. पांढरे कपडे आणायला त्यांना वेळ मिळाला नव्हता. होत्या त्या कामाच्या कपड्यांतच त्यांनी हात जोडले.