वसंतराव नाईक : खुर्ची गेली, काम उरले

शेतकरी बंधूंनो, दरवर्षी १ जुलैला कृषी दिन होतो. वसंतराव नाईकांच्या फोटोला हार पडतो, भाषणे होतात, चहा घेऊन आपण घरी. पण अकरा वर्षे राज्य चालवून या माणसाने मागे काय ठेवलं, हा हिशेब कधी मांडलात का?

नाईकांचा जन्म १ जुलै १९१३ चा. यवतमाळ जिल्ह्यात पुसदजवळचे गहुली हे गाव, घर बंजारा शेतकऱ्याचे. ते वकील झाले, १९४६ मध्ये पुसदचे नगराध्यक्ष झाले आणि १९५२ मध्ये जुन्या मध्य प्रदेशात आमदार. महाराष्ट्र झाल्यावर महसूल खाते सांभाळले. कन्नमवारांच्या निधनानंतर ५ डिसेंबर १९६३ रोजी ते मुख्यमंत्री झाले.

१९६७ च्या निवडणुकीनंतर उत्तरेत अनेक राज्यांत सरकारे पत्त्याच्या घरासारखी कोसळत होती. आपल्याकडे मात्र काँग्रेसचे बहुमत पक्के होते. त्या स्थैर्याचा उपयोग नाईकांनी शेतीसाठी केला. संकरित ज्वारी बांधापर्यंत नेली. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांची उभारणी त्यांच्याच काळातली. अशी कामे एका हंगामात होत नाहीत. रोज सरकार पडतंय तिथं ती सुरूसुद्धा होत नाहीत.

पण बहुमत म्हणजेच भरभराट, असंही समजू नका. मुख्यमंत्री विदर्भाचा असूनही विदर्भाचा सिंचनाचा अनुशेष भरला नाही. १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालात तो आकड्यांनिशी मांडला गेला. पक्षात वजन होते ते पश्चिमेकडच्या साखर पट्ट्याचे.

आता त्यांच्या दोन योजना शेजारी ठेवून बघा. १९७२ च्या दुष्काळात लाखो हात खडी फोडत होते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना त्याच वेळी राज्यभर पसरली. पुढे तिचा कायदा झाला, तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. तोवर मुख्यमंत्री बदलले होते, सरकारही बदलले होते. कायदा मात्र टिकला, आणि २००५ च्या देशव्यापी कायद्याला त्याचाच आधार मिळाला. दुसरी योजना कापूस एकाधिकार खरेदीची, तीही १९७२ चीच. हेतू चांगला होता, व्यापाऱ्याच्या तावडीतून शेतकरी सोडवायचा. पण पुढे भाव बाजारापेक्षा राजकारणावर ठरू लागला, तोटा साचत गेला आणि शेवटी एकाधिकार संपला.

फेब्रुवारी १९७५ मध्ये दिल्लीच्या पक्षश्रेष्ठींनी नेता बदलला. बहुमत शाबूत असताना खुर्ची गेली! १९७७ मध्ये नाईक वाशीममधून लोकसभेवर गेले. १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले.

तेव्हा सरपंच, ग्रामसेवक मंडळींनो आणि शेतकरी बंधूंनो, कोणत्याही पक्षाचा पुढारी गावात आला की त्याला एवढंच विचारा : बाबा, तुझी खुर्ची गेल्यावर आमच्या हातात हक्क म्हणून काय राहील? नुसतं अनुदान सरकारबरोबर जाऊ शकतं. कायद्याने मिळालेला हक्क सहजासहजी जात नाही.