श्रीसंत सावता महाराज

माढे तालुक्यातील अरण हे महाराजांचे गाव. जन्म शके ११७२ (इ. स. १२५०). घरचा धंदा मळ्याचा. त्यांच्या अभंगांत मोट, विहीर, कांदा, कोथिंबीर आली ती या मळ्यातूनच. पंढरपूर फार लांब नव्हे. तरी पाण्याची पाळी मोडून महाराज वारीस गेले नाहीत, असे परंपरा सांगते. उभे पीक टाकून जाणे किती जड असते, हे आपल्या गावकऱ्यांस सांगावयास नको.

संसारही त्यांनी सोडला नाही. पत्नी जनाबाई, मुलगा विठ्ठल, मुलगी नागाताई. एकदा सासुरवाडीची मंडळी आली असता महाराज भजनात दंग राहिले. पाहुण्यांची विचारपूस झाली नाही, ते रुसून निघून गेले. जनाबाई संतापल्या, आणि आमच्या मते तो राग रास्तच होता. माहेरच्या माणसांना तोंड त्यांनाच दाखवावयाचे होते. महाराजांनी शांतपणे त्यांची समजूत काढली, अशी कथा आहे.

महाराजांचे अभंग काशीबा गुरव यांनी उतरून घेतले. त्यांपैकी ३७ च्या आसपास आज उपलब्ध आहेत. शके १२१७ च्या आषाढ वद्य चतुर्दशीस (इ. स. १२९५) महाराज समाधिस्थ झाले. सर्व संतांच्या पालख्या पंढरीस जातात. अरणच्या उत्सवास मात्र पांडुरंगाची पालखी पंढरीहून येते.