पाठीवरचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपल्या घरातली वडीलधारी माणसे म्हणत. एका जागी न टिकणाऱ्या माणसाबद्दल ते म्हटले जाई आणि त्यात थोडी कीवही असे. परंतु आपले बिऱ्हाड मुद्दाम पाठीवर घेऊन रानावनात पायी हिंडणारी आणि रात्री उघड्यावर झोपण्यात सुख मानणारी माणसे आज जगभर आहेत. हा छंद ज्यांच्या लेखणीने लोकांना लावला, त्यांत एडिनबरा येथे जन्मलेले रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. 'ट्रेझर आयलंड' या कादंबरीमुळे ते आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहेत. त्यांच्या पायी प्रवासाची हकीकत मात्र कमी लोकांना माहीत असते. म्हणून आज आम्ही ती वाचकांपुढे ठेवीत आहोत.

स्टीव्हन्सन यांचा जन्म १३ नोव्हेंबर १८५० रोजी झाला. घराणे दीपगृहे बांधणाऱ्या इंजिनिअरांचे. समुद्रातल्या खडकावर उभ्या असलेल्या बेल रॉक दीपगृहाशी त्यांच्या आजोबांचे नाव जोडलेले आहे. वडील थॉमस हेही त्याच धंद्यात नावाजलेले होते. हा त्यांचा एकुलता एक मुलगा, पण छातीने दुबळा. एडिनबराची थंड, ओली हवा त्याला सोसत नसे. बालपणीचे कितीतरी दिवस त्याने अंथरुणातच काढले. दाई उशाशी बसून गोष्टी सांगे आणि मुलगा खोकत खोकत ऐके.

१८६७ पासून वडिलांनी शहराबाहेर पेंटलंड टेकड्यांच्या पायथ्याशी स्वॅन्स्टन येथे एक घर भाड्याने घेतले. तेथे या तरुणाला चालण्याची गोडी लागली. मेंढपाळांच्या वाटांनी तो तासन् तास एकटा हिंडू लागला. त्याच वर्षी त्याचे नाव विद्यापीठात इंजिनिअरिंगसाठी घातले होते. १८७१ साली त्याने वडिलांना सांगून टाकले की आपल्याला दीपगृहे बांधायची नाहीत, लिहायचे आहे. वडिलांना दुःख झाले. तडजोड म्हणून त्याने कायद्याचा अभ्यास केला आणि १८७५ मध्ये वकिलीची सनद घेतली, पण वकिली अशी त्याच्या हातून झालीच नाही. धर्मावरूनही बापलेकांत बिनसले. दोघांचे एकमेकांवर प्रेम होते, त्यामुळे भांडण अधिकच जड झाले.

१८७६ साली फ्रान्समध्ये त्यांची फॅनी ऑस्बोर्न या अमेरिकन बाईंशी ओळख झाली. त्या विवाहित होत्या, मुलांच्या आई होत्या. १८७८ च्या ऑगस्टमध्ये त्या अमेरिकेला परत गेल्या. स्टीव्हन्सन तेव्हा २७ वर्षांचे होते. प्रकृती नाजूक, पुस्तकांची मिळकत तुटपुंजी, आणि प्रिय व्यक्ती समुद्रापार. अशा मनःस्थितीत ते दक्षिण फ्रान्सच्या डोंगराळ भागातील ल मोनास्तिए या गावी गेले, आणि तेथून सेव्हेन पर्वतरांगांतून पायी जाण्याचे त्यांनी ठरविले.

उघड्यावर झोपावे लागणार म्हणून त्यांनी एक मोठी पिशवी शिवून घेतली. बाहेरून गाडीवर घालतात तसले पाणी न शिरणारे हिरवे कापड, आतून मेंढीची लोकर. रात्री अंथरूण, दिवसा सामानाचे गाठोडे. तिचे वजन पाठीवर पेलणारे नव्हते. म्हणून ६५ फ्रँक आणि वर एक पेला ब्रँडी देऊन त्यांनी मोदेस्तिन नावाची लहानशी गाढवी विकत घेतली. दिवा, मेणबत्त्या, स्वयंपाकाचा स्टोव्ह, पिस्तूल, पांढरा पाव, काळा पाव, मांसाची तंगडी, इतकेच काय, अंडी घुसळण्याचे यंत्रसुद्धा त्यांनी बरोबर घेतले!

२२ सप्टेंबर १८७८ रोजी ते निघाले, आणि पहिल्याच दिवशी खोगीर उलटून सारे सामान रस्त्यावर पडले. लोक हसले. तेव्हा मांस, पांढरा पाव, रिकामी बाटली आणि ते यंत्र त्यांनी तेथेच टाकून दिले. पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिंडणारा प्रत्येक माणूस हा धडा पहिल्या दिवशीच शिकतो. पंढरीच्या वारकऱ्याला तो कोणी शिकवावा लागत नाही.

एका संध्याकाळी अंधारात वाट चुकली. वाट दाखवायला कोणी दाराबाहेर येईना. शेवटी वाऱ्यापावसात झाडांखाली पिशवी पसरून, चॉकलेट आणि डब्यातले सॉसेज खाऊन ते झोपले, आणि सकाळी ताजेतवाने उठले. लोझेर पर्वतावरच्या पाइनच्या रानात तर मध्यरात्री जाग आली तेव्हा वर चांदणे होते आणि त्यांना पूर्ण समाधान वाटत होते. तरी आपल्याजवळ कोणीतरी मुकाट्याने पडलेले असावे, एवढी एकच उणीव त्यांना जाणवली. ती कोणाची, हे वाचकांना सांगावयास नको. सकाळी निघताना रात्रीच्या मुक्कामाचे भाडे म्हणून त्यांनी गवतावर नाणी टाकली.

या प्रवासात त्यांनी गाढवीला पुष्कळ मारले, एका खाणावळवाल्याने करून दिलेली पराणीही टोचली. हे त्यांनी पुस्तकात लपविलेले नाही. १२ दिवसांत सुमारे १२० मैल चालून सेंट-जाँ-द्यु-गार येथे त्यांनी तिला विकले, आणि मग तिच्या आठवणीने त्यांना रडू कोसळले.

या प्रवासाचे पुस्तक १८७९ मध्ये निघाले. त्याच वर्षी ते आजारी शरीराने अमेरिकेला गेले आणि १८८० मध्ये फॅनींशी विवाह केला. १८८७ मध्ये वडील वारले. त्या वर्षी सोडलेले एडिनबरा त्यांना पुन्हा दिसले नाही. चांगल्या हवेच्या शोधात ते पॅसिफिक महासागरातील सामोआ बेटावर स्थायिक झाले. तेथेच ३ डिसेंबर १८९४ रोजी, वयाच्या ४४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. बेटवासीयांनी रान तोडून वाट केली आणि त्यांचा देह खांद्यावरून वाएआ डोंगराच्या माथ्यावर नेला.

सेव्हेनमधील त्यांची वाट आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. हौशी लोक तेथे भाड्याने गाढव घेऊनही चालतात. त्यांच्या स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने बहुतेक मोकळ्या जमिनीवर जबाबदारीने हिंडण्याचा हक्क सर्वांना दिला आहे.

आपले पूर्वजही गाठोडे घेऊनच पोर्ट लुईच्या घाटावर उतरले होते. परंतु ते गाठोडे गरजेचे होते. स्टीव्हन्सन यांना परतायला घर होते आणि अडीअडचणीला वडिलांचा पैसा होता. हा फरक आपण विसरू नये. तरीही आज आपली घरे सामानाने भरलेली असताना, त्यांच्या चरित्रातून घेण्यासारखे काही आहे, असे आम्हांस वाटते. ते धट्टेकट्टे नव्हते. आपल्याला झेपेल तेवढेच ते चालले. महाशिवरात्रीला गंगा तलावापर्यंत पायी जाणाऱ्या आपल्या मुलांना चालणे नवे नाही. त्यांनी एखाद्या सुटीत, वडीलधाऱ्यांना सांगून आणि सोबतीने, ब्लॅक रिव्हर गॉर्जेसच्या रानवाटाही चालून पाहाव्यात. पाणी भरपूर घ्यावे, बाकीचे सामान दोनदा तपासून कमी करावे. नाणी टाकण्याची गरज नाही. जागा होती तशी स्वच्छ ठेवली म्हणजे भाडे पोहोचले.