मराठीचं व्याकरण लिहिणाऱ्या विल्यम कॅरीच्या घरात त्याची बायको बारा वर्षं कोंडलेली होती

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केलेल्या कुणालाही विल्यम कॅरी हे नाव नवीन नाही. सेरामपूरचा मिशनरी, छापखाना काढणारा, बायबलची भारतीय भाषांत भाषांतरं करणारा. मराठीशीही त्याचं जवळचं नातं आहे. १८०५ साली त्याने इंग्रजीतून मराठीचं व्याकरण छापलं आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी शब्दकोश काढला. त्यातले मराठी शब्द मोडी लिपीत छापलेले होते.

हे सेरामपूर म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे. कोलकात्याजवळ हुगळीच्या काठावरचं हे गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं.

पण परीक्षेच्या पुस्तकात एक नाव सापडत नाही, ते म्हणजे डोरोथी. कॅरीची पहिली बायको.

चांभारकाम करणारा पोरगा

कॅरीचा जन्म १७६१ चा, इंग्लंडमधल्या नॉर्थहॅम्प्टनशायरचा. वडील विणकर होते, नंतर गावच्या शाळेत मास्तर झाले. कॅरी जोडे शिवायला शिकला. काम करता करता पुस्तकं वाचायची आणि एकामागून एक भाषा शिकायच्या, हा त्याचा छंद.

१७८१ मध्ये त्याचं डोरोथी प्लॅकेटशी लग्न झालं. तो एकोणीस वर्षांचा, ती त्याच्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून लग्नाच्या नोंदवहीत सहीच्या जागी तिने फुली मारली. पहिली मुलगी दोन वर्षांचीही होण्याआधी गेली. पुढे आणखी एक मुलगी गेली.

इकडे कॅरीच्या डोक्यात एकच विचार पक्का होत होता. येशूचा संदेश जगभर पोहोचवणं हे प्रत्येक ख्रिस्ती माणसाचं कर्तव्य आहे, असं त्याला वाटायचं. १७९२ मध्ये त्याने यावर एक पुस्तिका लिहिली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केटरिंग गावी बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन झाली. भारतात जाणाऱ्या पहिल्या माणसांत कॅरी होता.

मी येणार नाही

डोरोथीने साफ नकार दिला. ती गरोदर होती, पदरात तीन मुलं होती आणि आपल्या गावापासून लांब ती कधी राहिली नव्हती. ती नाही म्हणाली, यात नवल काहीच नाही.

कॅरी थांबला नाही. मुलगा फेलिक्सला सोबत घेऊन तो १७९३ च्या वसंतात निघाला. पण कॅरी आणि त्याचा सोबती डॉक्टर जॉन थॉमस यांच्याकडे ईस्ट इंडिया कंपनीचा परवाना नव्हता, शिवाय थॉमसच्या मागे देणेकरी लागलेले. दोघांना जहाजावरून उतरवण्यात आलं.

तोवर डोरोथी बाळंत झाली होती. दोघं पुन्हा तिच्या दारात आले. तिने पुन्हा नकार दिला. ते निघाले, पण वाटेतून थॉमस एकटाच परत फिरला. आता आली नाहीस तर घर कायमचं तुटेल आणि तुला जन्मभर पस्तावावं लागेल, अशी भीती त्याने तिला घातली. शेवटी ती तयार झाली, पण एका अटीवर: धाकटी बहीण कॅथरीन सोबत हवी.

जून १७९३ मध्ये एका डॅनिश जहाजातून सगळे निघाले. मांडीवर जेमतेम दीड महिन्याचं बाळ, आणि पाच महिन्यांचा प्रवास.

पीटर गेला आणि...

कोलकात्यात पोहोचल्यावर हाल सुरू झाले. पैशांचा व्यवहार थॉमसकडे होता आणि पैसे भराभर संपले. कुटुंब सुंदरबनच्या कडेला जाऊन राहिलं. डोरोथी आणि मोठी मुलं हगवणीने आजारी होती. आधाराला असलेल्या कॅथरीनचं तिथेच कंपनीच्या एका अधिकाऱ्याशी जुळलं आणि तीही दुरावली.

१७९४ मध्ये कॅरीला मालद्याजवळ मदनाबाटीला निळीच्या कारखान्यात नोकरी मिळाली. पगार दोनशे रुपये. आता जरा बरे दिवस येतील असं वाटत असतानाच पाच वर्षांचा पीटर हगवणीने दगावला. विटाळाच्या धास्तीने त्याच्यासाठी पेटी करायला आणि खड्डा खणायला कुणी तयार होईना. अखेर चार मुसलमान माणसांनी कबर खणली.

त्यानंतर डोरोथी सावरली नाही. नवरा दुसऱ्या बायकांकडे जातो, असं तिच्या मनाने घेतलं. ती त्याच्या मागे मागे जायची, चारचौघांत ओरडायची. आपल्या जिवावर उठण्यापर्यंत मजल गेली होती, असं कॅरीच्या पत्रांतून कळतं. मग तिला खोलीत बंद ठेवावं लागलं.

तिला वेड्यांच्या इस्पितळात ठेवावं, असा सल्ला त्याला मिळत होता. त्या काळी अशा ठिकाणी रुग्णांचे काय हाल होत, हे कॅरीला ठाऊक होतं. त्याने ते ऐकलं नाही. ती घरातच राहिली. कामही थांबलं नाही.

एका घरात दोन दृश्यं

१८०० मध्ये कॅरी सेरामपूरला आला. जोशुआ आणि हॅना मार्शमन, विल्यम वॉर्ड आणि इतरांसोबत एकत्र बिऱ्हाड सुरू झालं. स्वयंपाक एक, कमाईची थैली एक. कॅरीच्या मुलांकडे बघायला घरात कुणी नव्हतं आणि ती मोकाट झाली होती. त्यांना वळण लावलं ते हॅना मार्शमन आणि वॉर्डने.

२८ डिसेंबर १८०० हा कॅरीच्या आयुष्यातला मोठा दिवस. सात वर्षांच्या खटपटीनंतर कृष्ण पाल नावाच्या सुताराने हुगळीच्या पाण्यात बाप्तिस्मा घेतला. त्याच्यासोबत कॅरीचा मुलगा फेलिक्सही होता. पण त्या दिवशी दोन माणसं खोल्यांत बंद होती. आनंदाच्या भरात भान हरपलेला थॉमस, आणि डोरोथी.

पुढच्या वर्षी कॅरी कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवू लागला. आधी बंगाली, मग संस्कृत आणि मराठी. मराठीत त्याला वैजनाथ पंडितांची मदत होती. १८०५ चं व्याकरण याच काळातलं. म्हणजे आपल्या भाषेच्या विभक्ती आणि क्रियापदं तो मांडत होता, तेव्हा डोरोथी सेरामपूरच्या घरात कोंडलेलीच होती.

८ डिसेंबर १८०७ ला तापाने ती गेली. पुढच्या मे महिन्यात कॅरीने शार्लोट रुमोर या डॅनिश बाईशी लग्न केलं. तिला नीट चालता येत नसे, पण भाषा येत होत्या आणि ती कॅरीला भाषांतरात मदत करायची. हा संसार सुखाचा झाला. एक फरक मात्र मोठा होता: शार्लोट भारतात आपल्या मर्जीने आली होती.

मग कॅरीला काय म्हणायचं?

कॅरी १८३४ मध्ये सेरामपूरलाच वारला. एक्केचाळीस वर्षांत तो एकदाही इंग्लंडला परतला नाही. सेरामपूर कॉलेज, डझनावारी भाषांतली भाषांतरं, सतीबंदीच्या कायद्याचा बंगाली अनुवाद, हे सगळं त्याच्या नावावर आहे आणि ते खरंच आहे.

त्याची श्रद्धाही खरी होती. त्याच श्रद्धेने त्याला बायकोच्या नकाराकडे पाठ फिरवायला लावली आणि त्याच श्रद्धेने आजारी बायकोला घराबाहेर काढू दिलं नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत.

डोरोथी आपल्याला कळते ती नवऱ्याच्या आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या पत्रांतून. तिथे ती बहुतेक वेळा अडचण म्हणून येते. पण देवाची हाक कॅरीला आली होती, तिला नाही. आणि तिने तर आधीच दोनदा नाही म्हटलं होतं.